‘गलती हो गई, साब’

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी पायदळात कॅप्टन आहे, नोकरीला सहा वर्षं झाली. आठ महिन्यांपासून कंपनीचा चार्ज माझ्याकडे आहे. मी पुण्यात वाढलो, कंपनीतले बहुतेक जवान सातारा, कोल्हापूर, बीडकडचे. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एक लान्स नायक 30 दिवसांच्या रजेवरून नऊ दिवस उशिरा परतला. पेशीआधी, म्हणजे शिक्षेच्या सुनावणीआधी, मी त्याच्याशी सीएचएमसमोर (कंपनी हवालदार मेजरसमोर) दोनेक मिनिटं बोललो. तो इतकंच म्हणाला, ‘गलती हो गई, साब.’ पेशीत सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांपुढेही तेच. शिक्षा झाली, कागदावर लाल शाईची नोंद झाली. महिन्याभरानं व्हॉलीबॉल खेळताना दुसऱ्याच एका जवानाकडून कळलं की, त्याच्या गावी बांधावरून भांडण होतं, वडिलांना मारहाण झाली होती आणि जमिनीच्या मोजणीची तारीख पुढे ढकलली गेल्यानं तो थांबला होता. त्यानं फोन करून सेक्शन कमांडरला सांगितलं होतं, सेक्शन कमांडरनं प्लाटूनच्या नायब सुभेदार साहेबांना. त्यांनी मला सांगितलंच नाही! म्हणे, ‘साहेबांना कशाला त्रास.’ माझं दार सगळ्यांसाठी उघडं असतं, तरी हे असं. आता मी सगळ्या जवानांचा आणि माझा थेट व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं ठरवतोय. नायब सुभेदारांची तक्रारही वर करावी असं वाटतं. एक सिनियर मेजर मात्र म्हणतात, जास्त जवळ गेलास तर डोक्यावर बसतील. काय करू?

उत्तर

कॅप्टन साहेब, राम राम.

आपण एका पलटणीत असतो तर तुम्ही मला ‘साब’ म्हणाला असता आणि मी तुम्हाला ‘साब’. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते. पंचविशीतला लेफ्टनंट आणि पन्नाशी ओलांडलेला सुभेदार मेजर एकमेकांना साब-साब करत उभे असतात. मी त्यातला दुसरा होतो. शिपाई म्हणून भरती झालो, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा तुमच्या पत्रातल्या प्रत्येक माणसाच्या जागेवर मी कधी ना कधी उभा होतो, फक्त तुमच्या जागेवर नव्हतो. हे लक्षात ठेवून वाचा.

तुमच्या मूळ पत्रात एक वाक्य तीन वेळा आलंय, ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं असतं.’ असेलच. पण त्या दारापर्यंतची वाट तुम्ही कधी चालून बघितलीत का?

आधी सेक्शन कमांडरला सांगायचं. तो विचारणार, ‘साहेबांकडे काय काम काढलंस?’ मग प्लाटूनच्या साहेबांना. ‘मला सांग की, मी काय मेलोय?’ मग सीएचएम. तो वहीत नाव लिहिणार, मान वर करून बघणार आणि म्हणणार, ‘आधी कटिंग करून ये.’ मग सिनियर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) साहेब. मग दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, चकचकीत बूट, आणि कंपनी ऑफिसबाहेर रनरशेजारी तासभर ताटकळत उभं राहणं. येणारा-जाणारा विचारतो, ‘काय रे, कशाला?’ बाप मार खाऊन घरात पडलाय, ही गोष्ट पाच जणांना सांगून झाल्यावर सहाव्या नंबरला तुम्ही. तोवर ती सांगायची त्यालाच लाज वाटायला लागलेली असते. तुम्ही कागदावरून डोकं वर करून म्हणता, ‘हां, बोलो, क्या बात है?’ आणि तो म्हणतो, ‘कुछ नहीं साब.’

ही शिडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. सेक्शनचं भांडण सेक्शनमध्येच मिटावं म्हणून ती आहे, आणि रोज कितीतरी गोष्टी तिच्यामुळेच तुमच्यापर्यंत न येता सुटतात. पण शिडीवरून चढून जे येतं ते गाळून येतं, एवढं वरच्या पायरीवर बसणाऱ्यानं धरूनच चालायचं असतं. तुम्ही ते धरलं नाहीत.

आता पेशीबद्दल. तुम्ही लिहिता, ‘त्यानं तिथे खरं कारण सांगितलं असतं तर मी मध्ये पडलो असतो.’ साहेब, टोपी आणि बेल्ट बाहेर काढून ठेवलेला, लेफ्ट-राइटच्या ठेक्यात आत आणलेला माणूस कारणं सांगत नसतो. भरती झाल्यापासून त्याला शिकवलंय की, बहाणा करणारा जवान चांगला नव्हे. ‘गलती हो गई, साब’ हे उत्तर नाही, तो सावधानचाच एक प्रकार आहे. आणि आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 39 पुन्हा एकदा काढून वाचा. ‘पुरेशा कारणाशिवाय’ रजेपेक्षा जास्त राहणं, हा गुन्हा आहे. म्हणजे कारण विचारणं ही तुमची मेहेरबानी नव्हती. गुन्हा घडला की नाही, हेच त्या कारणावर ठरत होतं. त्यासाठी तुम्ही दोन मिनिटं दिलीत, तीही सीएचएमसमोर.

आणखी एक बारीक गोष्ट. पत्रात जवानांचं बोलणं तुम्ही सगळीकडे हिंदीत लिहिलंय. तो कराडकडचा, तुम्ही पुण्याचे, आणि दोघांच्या मधे ‘जी साब, ठीक है साब.’ कवायतीला हिंदी हवीच. पण बांध, मोजणी, भावकी, सामाईक विहीर हे सगळं माणूस हिंदीत कसं सांगणार? ‘जमीन का लफड़ा है साब’ एवढंच होतं त्याचं. मी असे अधिकारी बघितलेत की, जे केरळचे, पंजाबचे, पण दोन वर्षांत मोडकंतोडकं मराठी बोलायला लागले. ‘काय म्हंतो गाव?’ असं त्यांनी चुकीच्या उच्चारात विचारलं तरी पोरं खुलायची. तुमच्याकडे तर भाषा आयती आहे.

नायब सुभेदार साहेबांकडे येतो. त्यांच्यावर तुमचा राग आहे, मला कळतो. त्यांची चूक आहेच, ती मी झाकणार नाही. पण तक्रारीचा कागद लिहिण्याआधी माझी गोष्ट ऐका.

2005 चा हिवाळा. सियाचीनवर गोळीबार थांबून दोन वर्षं झाली होती, पण तिथल्या थंडीशी आणि हवेशी कसली शस्त्रसंधी? मी तेव्हा नायब सुभेदार, अठरा हजार फुटांच्या वरच्या एका पोस्टवर, बरोबर मूठभर जवान. एका पोराला सकाळपासून खोकला आणि डोकेदुखी. संध्याकाळी रेडिओवर रोजचा रिपोर्ट द्यायचा होता. मी दिला, ‘ऑल ओके.’ का दिला? आदल्याच आठवड्यात अशाच एका डोकेदुखीसाठी मी खाली कळवलं होतं, तो जवान दुसऱ्या दिवशी ठणठणीत झाला, आणि खालून आमचे मेजर साहेब रेडिओवर म्हणाले होते, ‘साब, हर छोटी बात पे मत घबराया करो.’ सगळ्या पोस्ट ऐकत होत्या. बस, एवढंच. वाईट माणूस नव्हता तो. थकलेला असेल. पण त्या एका वाक्यानं मला ‘ऑल ओके’ शिकवलं.

रात्री दोनला पोराच्या छातीतून हुक्का गुडगुडावा तसा आवाज यायला लागला. फुफ्फुसात पाणी. ऑक्सिजन लावला, रात्रभर बसवून ठेवला. रात्री हेलिकॉप्टर येत नाही. सकाळी हवा उघडली, चीता आलं, पोरगा वाचला. हवा उघडली नसती तर मी हे सदर लिहिलं नसतं. संध्याकाळीच कळवलं असतं तर डॉक्टरांनी रेडिओवरून उपाय तरी सांगितले असते.

मेजर साहेबांनी नंतर विचारलं, ‘साब, शाम को क्यों नहीं बताया?’ मी काय म्हणालो असेन, सांगा.

‘गलती हो गई, साब.’

तेव्हा तुमच्या नायब सुभेदारांना विचारायचा प्रश्न ‘तुम्ही मला का सांगितलं नाही?’ हा नाही. त्याला ठरलेलं उत्तर आहे. त्यांना एकट्याला बोलवा, खुर्ची द्या, चहा मागवा आणि विचारा, ‘साहेब, याआधी तुम्ही मला काहीतरी सांगितलं आणि मी चिडलो, असं कधी झालं होतं?’ मग गप्प बसा. चहा संपेपर्यंत गप्प बसा. बहुतेक काहीतरी निघेल, आणि ते ऐकायला गोड नसेल. तिथे खुलासा करू नका. त्यांनी त्या जवानाचा फोन आला तेव्हाच सांगायला हवं होतं, हेही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. वर्षाच्या 60 दिवसांतली त्याची निम्मी रजा शिल्लक होती. वेळेवर कळलं असतं तर सीओ साहेबांना सांगून रजा वाढवून घेण्याचं काम एका निरोपाचं होतं. शिवाय कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं कलेक्टरला, पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र गेलं असतं. फौजेच्या शिक्क्याचं पत्र गावच्या भांडणात किती उपयोगी पडतं, ते मी अनेकदा बघितलंय. मारहाण करणारे निदान चार दिवस दबकून राहतात. एवढं सगळं त्या एका न सांगितलेल्या निरोपात अडकलं होतं. हे त्यांना समजू द्या, आणि तक्रारीचा कागद मात्र लिहू नका. तो लिहिलात तर तुमच्या कंपनीतला प्रत्येक जेसीओ एकच धडा घेईल, पुढच्या वेळी जवानालाच गप्प कर.

व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. एकतर मोबाईलच्या बाबतीत फौज किती सावध असते ते तुम्हाला ठाऊक आहे. 2020 साली फेसबुक, इन्स्टाग्रामसकट 89 ॲप काढून टाकायला लावली होती. पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी दिसते. पहिल्या आठवड्यात त्या ग्रुपवर शंभर अंगठे येतील, ‘जय हिंद सर’ येईल, गणपतीचे फोटो येतील. बांधाचं भांडण कुणी शंभर जणांसमोर टाकणार नाही. उलट प्लाटून कमांडरला वळसा घालून तुम्ही थेट खाली उतरलात हे सगळ्यांना दिसेल. उद्या रात्रीच्या गस्तीत त्याच जवानाला त्याच नायब सुभेदाराच्या शब्दावर अंधारात पाऊल टाकायचंय. त्याची किंमत तुम्ही कमी करून ठेवलीत तर तुमची कशी वाढेल?

जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाचा जेवणाबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला, ते आठवत असेल. त्याच महिन्यात लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी सूचना आणि तक्रारींच्या पेट्या ठेवायला सांगितल्या. पेटी असावी, शेवटचा रस्ता म्हणून असावी. पण पेटी चहा विचारत नाही.

मग बोलतं करायचं कसं? सैनिक संमेलनात ‘किसी को कोई पॉइंट?’ असं विचारून नाही. ते संमेलन कसं भरतं ते मी आतून बघितलंय. आदल्या दिवशी सीएचएम पॉइंट गोळा करतो, ‘लंगरचा गिझर’ आणि ‘कॅन्टीनची वेळ’ हे दोन चालतात, बाकीचे तो डोळ्यांनीच परत पाठवतो. संमेलन आदेश सांगण्यासाठी ठेवा. ऐकायची जागा वेगळी.

मी पाहिलेली सगळ्यात चांगली जागा म्हणजे रात्रीची गार्ड चेकिंग. दोन वाजता संतरी एकटा असतो, तुम्ही एकटे असता, दोघांची तोंडं अंधारात. आमचे एक कंपनी कमांडर होते. शस्त्र बघून झालं, पासवर्ड विचारून झाला, की निघायचे नाहीत. संतरीशेजारी त्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे, म्हणजे त्याची नजर हटायला नको. आणि विचारायचे, ‘यंदा काय पेरलंय?’ ‘कोई तकलीफ?’ या प्रश्नाला ‘नहीं साब’ हे एकच उत्तर आहे. ‘काय पेरलंय’ला तसं नाही. सोयाबीन म्हटलं की भाव येतो, भाव म्हटला की कर्ज येतं, कर्ज म्हटलं की धाकट्या बहिणीचं लग्न येतं. दहा मिनिटांत घर समोर. पण ते ऐकलेलं साहेब दुसऱ्या दिवशी कुणापुढे बोलायचे नाहीत. आठवड्यानं सहज प्लाटूनच्या साहेबांना म्हणायचे, ‘अमक्याच्या घरची जरा चौकशी करा, आणि काय ते मला सांगा.’ म्हणजे खबर खालून त्यांच्याकडूनच आली, पण शिडीची एकही पायरी मोडली नाही.

तुमच्या सिनियर मेजरांचं म्हणणं, डोक्यावर बसतील. त्यात थोडं तथ्य आहे. जवानाबरोबर दारू पिणारा, त्याच्यासमोर दुसऱ्या अधिकाऱ्याची टिंगल करणारा अधिकारी जवळ जात नसतो, खाली घसरत असतो. पण ऐकण्यानं धाक जातो, हे मला कधीच पटलं नाही.

चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र तुम्ही शाळेत ऐकलं असेल, राज्याभिषेकाच्या आधीच्या काळातलं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, एवढंच आपण त्यातलं सांगतो. पूर्ण पत्र वाचा. जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलंय. नुसता हुकूम करायचा तर दोन ओळी पुरल्या असत्या, आणि त्यांच्या हुकमाला ‘का’ विचारायची कुणाची छाती होती? तरी ते कारण सांगत बसतात. दाणा-वैरण आत्ताच बेफिकिरीनं संपवलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, तंबाखू ओढू नका. आणि मग ते उंदराचं! रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग लागेल. एकदा गवत जळालं की मागाहून कुणालाही कितीही शिक्षा केली तरी ते परत येत नाही, हेही तिथेच आहे.

ज्यांच्या नावानं मुघल सरदारांना झोप लागत नव्हती, ते आपल्या हवालदाराला उंदराची वात समजावून सांगतात. धाक कुठे कमी झाला?

हे तुमच्या कामाचं अशासाठी की, आपल्याकडे बोलणं म्हणजे फक्त खालून वर तक्रार येणं असं समजतात. वरून खाली कारण गेलं नाही तर खालून वर कारण येत नाही. रविवारी अचानक फॉल-इन लावलंत तर का लावलं, ते सांगत चला. ब्रिगेडकडून इन्स्पेक्शन आहे, म्हणून. रजा अर्ध्यांनाच मिळतील, का, तर फायरिंग आहे, म्हणून. गोपनीय असेल ते अर्थातच नाही, ‘आत्ता सांगता येणार नाही’ एवढं मात्र सांगता येतं. कारण ऐकायची सवय लागलेला जवान कारण सांगायलाही शिकतो.

हे सदर वाचणाऱ्या जवानांनाही दोन शब्द. रजा संपायच्या आधी कळवा, संपल्यावर नव्हे, आणि सेक्शन कमांडरला फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी ‘साहेबांपर्यंत पोचलं का?’ असं पुन्हा विचारा. तलाठ्याचा, डॉक्टरचा, भूकरमापकाच्या नोटिशीचा, मिळेल तो कागद जवळ ठेवा. वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटलं तर आर्मी ॲक्टच्या कलम 26 खाली कंपनी कमांडरकडे तक्रार करायचा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची मर्जी लागत नाही. पोलीस खात्यातल्या आणि राज्य राखीव दलातल्या वाचकांची याच अर्थाची पत्रं येतात. कायदे निराळे आहेत, पण पेशीच्या खोलीत ऐकू येणारं वाक्य तेच आहे.

आता साहेब, सगळ्यात अवघड भाग, तो मी मुद्दाम मागे ठेवला. तुमच्या पत्रावरून दिसतं की, त्या जवानावर अन्याय झाला हे तुम्हाला कळून तीन आठवडे होऊन गेले. हे तुम्ही मला लिहिलंत. तुमच्या सीओ साहेबांना सांगितलंत?

पत्रात तसं कुठे दिसलं नाही. सांगितलं नसेल तर का, याचा मला अंदाज आहे. पेशी त्यांनी केली, शिक्षा त्यांच्या सहीची, आता जाऊन ‘मी नीट चौकशी केली नव्हती’ म्हणायचं म्हणजे स्वतःच्या रिपोर्टवर पाणी. म्हणजे तुमच्या नायब सुभेदारांनी जे केलं, तेच तुम्ही एक पायरी वर करताय. तुमचाही ‘ऑल ओके’ चाललाय. 1971 च्या एप्रिलमध्ये फौज आत्ता तयार नाही असं थेट पंतप्रधानांना सांगितल्याचा किस्सा माणेकशा साहेब रंगवून सांगायचे, आणि आपण मेसमध्ये तो ऐकून टाळ्या वाजवतो. तुम्हाला तर फक्त एका कर्नलसमोर उभं राहायचंय.

या आठवड्यात जा. टू-आयसींना (सीओंच्या खालोखालच्या अधिकाऱ्यांना) मध्ये घालू नका, स्वतः जा. जे कळलं ते सांगा, चौकशीला दोन मिनिटं दिली होती हेही सांगा, आणि शिक्षेचा फेरविचार वरून करून घेता येईल का ते विचारा. अन्याय्य किंवा जास्त झालेली शिक्षा रद्द किंवा कमी करायची सोय कायद्यात वरच्या अधिकाऱ्यांकडे ठेवलेली आहे. होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. साहेब चिडतील कदाचित. पण तुम्ही गेलात ही गोष्ट ऑफिसच्या रनरकडून संध्याकाळपर्यंत लंगरमध्ये पोचलेली असेल, तुम्ही कुणालाही न सांगता.

त्यानंतर त्या लान्स नायकाला भेटा. ऑफिसात बोलवू नका, गेम्सच्या वेळी मैदानाच्या कडेला गाठा, आणि मराठीत बोला. माफी मागायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचाराल तर मागा. मग त्याला एक विचारा. पाच पानी पत्रात तुम्ही सगळं लिहिलंय. फोन कुणी कुणाला केला, कोण काय म्हणालं, किती वाजता. पण ज्या मोजणीसाठी तो नऊ दिवस थांबला, त्या मोजणीत बांध कुणाच्या बाजूला निघाला, ते कुठेच नाही.